एकाच नावाचे दोन पाटील आणि ठप्प झालेला मेल सर्व्हर

वीज गेली की क्षणात कळते. फोन बंद पडला तरी तासाभरात कुणीतरी कुरकुर करते. मेल सर्व्हर बंद पडला तर मात्र बराच वेळ कुणाच्या लक्षातही येत नाही. मेल नुसते येईनासे होतात आणि ‘आज निवांत दिसतेय’ असे म्हणत माणसे कामाला लागतात. पाठवणाऱ्याला वाटते पोहोचला असेल, घेणाऱ्याला वाटते पाठवलाच नसेल.

एखाद्या मध्यम आकाराच्या रुग्णालयाचे उदाहरण घ्या. बाहेरच्या प्रयोगशाळेचे तपासणी अहवाल, विमा कंपनीकडून येणारी कॅशलेसची मंजुरी, दुसऱ्या शहरातल्या तज्ज्ञाने एमआरआय पाहून कळवलेले मत, औषधांच्या ऑर्डरी, असे सगळे मेलवर चालते. समजा, शनिवारी रात्री संगणक विभागाने नेहमीप्रमाणे सर्व्हरवर सुरक्षेचे अपडेट टाकले. रविवारी मेल कमीच असतात. सोमवारी दहाच्या सुमारास विमा कक्षातून पहिला प्रश्न येतो की शस्त्रक्रियेची मंजुरी अजून कशी आली नाही? तपास सुरू होतो. मेल सर्व्हरच्या सेटिंगला कुणी हात लावलेला नाही. डिस्कवर जागा आहे, नेटवर्क चालू आहे. सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या पडद्यावर तर मेलसमोर हिरवा दिवा आहे. पण लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या रोजनिशीत, एकच ओळ पुन्हा पुन्हा उमटते आहे: अमुक क्रमांकाची प्रक्रिया ‘सिग्नल ११’ने मारली गेली.

तो हिरवा दिवा का लागतो, हे समजून घेण्यासारखे आहे. अशा देखरेखीत बहुतेक वेळा एवढेच पाहिले जाते की मेलच्या दारावर थाप मारली तर दार उघडते का. लिनक्सवर हे दार संगणकाची मूळ प्रणाली उघडते, आतला मेलचा कार्यक्रम नव्हे. त्यामुळे जोडणी होते, पण पुढे कुणी बोलत नाही. फोन उचलला जावा आणि पलीकडे नुसती शांतता असावी, तसे. रुग्णाची नाडी लागते एवढ्यावर ‘प्रकृती उत्तम’ लिहिणाऱ्या डॉक्टरला कुणी डॉक्टर म्हणणार नाही. सर्व्हरच्या बाबतीत मात्र हे सर्रास चालते. खरी तपासणी करायची तर ठरावीक वेळाने एक चाचणीचा मेल पाठवावा आणि तो पेटीत पडला की नाही हे पाहावे.

दरम्यान, अडकलेल्या मेलचे काय होते? इथे ई-मेल घडवणाऱ्यांच्या शहाणपणाला दाद द्यावी लागते. मेलची देवाणघेवाण ज्या नियमांवर चालते, त्यांच्या २००८ सालच्या आवृत्तीत स्पष्ट म्हटले आहे की समोरचा सर्व्हर प्रतिसाद देत नसेल तर पाठवणाऱ्याने मेल रांगेत ठेवावा, साधारण अर्धा तास किंवा अधिक अंतराने पुन्हा प्रयत्न करावा आणि किमान चार-पाच दिवस तरी आशा सोडू नये. पोस्टफिक्स या जगभर वापरल्या जाणाऱ्या मेल सर्व्हरमध्ये ही मुदत मुळातच पाच दिवसांची ठेवलेली असते. म्हणजे सोमवारी सकाळी रुग्णालयाचे मेल हरवलेले नसतात. ते पाठवणाऱ्यांच्या सर्व्हरवर, टपाल कचेरीत पडून राहिलेल्या पत्रांसारखे, वाट पाहत असतात.

यात एक मेख आहे. ‘तुमचा मेल अजून पोहोचलेला नाही’ अशी सूचना पाठवणाऱ्याला मिळेलच असे नाही. सेंडमेल हा जुना सर्व्हर चार तासांनी तशी सूचना देतो, केंब्रिज विद्यापीठात जन्मलेला एक्झिम चोवीस तासांनी. पोस्टफिक्समध्ये ही सूचना कुणी मुद्दाम चालू केल्याशिवाय जातच नाही. पाच दिवस संपल्यावर थेट ‘पोहोचवता आला नाही’ असे पत्र परत येते. शस्त्रक्रिया बुधवारी असेल तर शनिवारी आलेल्या त्या पत्राचा काय उपयोग?

दुसरी मेख अधिक धोक्याची आहे. मेलच्या भाषेत नकार दोन प्रकारचे. चारने सुरू होणारा आकडा म्हणजे ‘आत्ता जमत नाही, नंतर या’. पाचने सुरू होणारा म्हणजे ‘असा माणूस इथे राहत नाही’. पूर्ण बंद पडलेला सर्व्हर पाचचा आकडा देऊच शकत नाही. तो देतो अर्धवट दुरुस्त झालेला सर्व्हर. घाईघाईत काहीतरी करून सेवा उभी केली, पण कर्मचाऱ्यांच्या पत्त्यांची यादी नीट वाचली गेली नाही, तर तो आलेला प्रत्येक मेल ‘पत्ता चुकीचा’ म्हणून तत्काळ परत पाठवतो. पाच दिवसांचे अभय पाच सेकंदांत संपते. म्हणून अनुभवी माणूस दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी पोस्टफिक्समधला ‘सॉफ्ट बाउन्स’ हा पर्याय चालू करतो. मग कायमचे नकारही तात्पुरते होऊन बाहेर पडतात. रक्तस्राव थांबवा आणि मगच निदान करा, असाच हा प्रकार.

आता निदान. सिग्नल ११ म्हणजे काय? प्रत्येक चालू कार्यक्रमाला प्रणालीने स्मृतीचा एक तुकडा नेमून दिलेला असतो. कार्यक्रमाने त्या हद्दीबाहेर पाय टाकला की प्रणाली त्याला जागच्या जागी संपवते. पण ज्याने कालपर्यंत हद्द ओलांडली नाही, तो आजच कसा भरकटला? उत्तर बहुतेकदा त्या कार्यक्रमात नसते, तो ज्यांच्या खांद्यावर उभा असतो त्या लायब्ररींमध्ये असते.

लायब्ररी म्हणजे इथे पुस्तकांची नव्हे. गावात लग्नकार्याची मोठी पातेली, पराती, घंगाळी देवळाच्या खोलीत सामायिक ठेवलेली असतात. ज्याच्या घरी कार्य, तो नेतो. प्रत्येकाने घरी शंभर माणसांचे पातेले बाळगायची गरज नसते. संगणकातही तेच. मजकूर कुलूपबंद करणे, तारखा मोजणे, यादीत नाव शोधणे ही कामे प्रत्येक कार्यक्रमाने नव्याने लिहायची नाहीत, सामायिक लायब्ररीतून उसनी घ्यायची. या कल्पनेची मुळे १९६०च्या दशकातल्या मल्टिक्स प्रणालीपर्यंत जातात. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८८ साली ती आपल्या युनिक्समध्ये आणली आणि पुढे ती सर्वत्र रुळली. मेल सर्व्हरचा एखादा घटक उघडून पाहिला तर त्याने अशी दहा-वीस ‘भांडी’ सहज उसनी आणलेली दिसतात.

याचा फायदा एप्रिल २०१४मध्ये जगाने पाहिला. ओपनएसएसएल या कुलूपबंदीच्या लायब्ररीत ‘हार्टब्लीड’ नावाची भयंकर चूक सापडली. ती वापरणारे असंख्य कार्यक्रम एकेक करून दुरुस्त करावे लागले नाहीत. प्रत्येक सर्व्हरवर एक लायब्ररी बदलायची आणि सेवा पुन्हा सुरू करायच्या, एवढेच काम होते. यातला ‘पुन्हा सुरू करायच्या’ हा भाग अनेक जण विसरतात. चालू असलेल्या कार्यक्रमाने जुनी लायब्ररी आधीच स्मृतीत घेतलेली असते. डिस्कवरची फाइल बदलली तरी तो जुनीच वापरत राहतो. म्हणूनच कधीकधी अपडेट आज टाकले जाते आणि सेवा कोसळते तीन आठवड्यांनी, जेव्हा वीज जाऊन सर्व्हर पुन्हा चालू होतो. तोवर अपडेट कुणाच्या ध्यानीमनीही नसते. दोष विजेवर जातो.

तोटाही याच सामायिकपणात आहे. देवळातले पातेले कुणी बदलले तर सगळ्या गावाचा स्वयंपाक बदलतो.

लायब्ररीच्या जुन्या आणि नव्या आवृत्तीत नेमके काय बिनसते? कल्पना करा की दोन कारकून एकच वही वापरतात. जुन्या पद्धतीत चौथ्या रकान्यात घराचा पत्ता असे. नव्या पद्धतीत मध्येच एक रकाना वाढला आणि चौथ्यात वय आले. जुन्या सवयीचा कारकून चौथा रकाना वाचतो, ‘६२’ दिसते, आणि तो ६२ क्रमांकाच्या घरी जाऊन दार वाजवतो. ते घर भलत्याच माणसाचे असते. संगणकात हे भलत्याच घराचे दार वाजवणे म्हणजेच सिग्नल ११.

त्याहून चिवट प्रकार असतो नामसाधर्म्याचा. मेल सर्व्हर स्वतः ओपनएसएसएलची नवी आवृत्ती वापरतो. पण कर्मचाऱ्यांची यादी तपासण्यासाठी तो जे जोडसॉफ्टवेअर बोलावतो, ते सोबत जुनी आवृत्ती घेऊन येते. आता एकाच कार्यक्रमाच्या पोटात एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या आहेत आणि दोघींमधल्या कामांची नावे तीच आहेत. लिनक्समध्ये नाव पुकारले की यादीत जो पहिला सापडेल तो ‘ओ’ देतो. गावात दोन विठ्ठल पाटील असले आणि पोस्टमन नवा असला की पहिल्या घरातल्या पाटलांना दुसऱ्याची मनीऑर्डर मिळायची, तसे हे. जुन्या आवृत्तीने बांधलेली वस्तू नव्या आवृत्तीच्या हातात जाते आणि दोन पावलांवर कार्यक्रम कोसळतो. कर्मचाऱ्यांच्या नोंदी एलडॅप या मध्यवर्ती सूचीतून वाचणाऱ्या जोडसॉफ्टवेअरमुळे असे कोसळणे लिनक्सच्या जगात वर्षानुवर्षे परिचित आहे. त्यावर तोडगा म्हणून लायब्ररीतल्या प्रत्येक नावाला आवृत्तीचे शेपूट जोडायची पद्धत आली. नुसते ‘विठ्ठल पाटील’ नाही, तर ‘वरच्या आळीतले’ आणि ‘खालच्या आळीतले’.

या शेपटाची गरज का पडते, याची एक गाजलेली गोष्ट आहे आणि ती मेलची नसून गाण्यांची आहे. २०१०च्या शरदात फेडोरा लिनक्सची चौदावी आवृत्ती वापरणाऱ्यांना संकेतस्थळांवरची गाणी खरखरीत, विचित्र ऐकू येऊ लागली. ती वाजवणारा अॅडोबीचा फ्लॅश प्लेअर बदललेला नव्हता. बदलली होती जीलिबसी, म्हणजे लिनक्सवरच्या जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमाचा पाया असलेली लायब्ररी. तिच्यात स्मृतीतला मजकूर एका जागेवरून दुसरीकडे उतरवणारे एक छोटे काम आहे. ते काही प्रोसेसरांवर अधिक वेगाने व्हावे म्हणून नव्याने लिहिले गेले आणि त्यात मजकूर शेवटाकडून सुरुवातीकडे उतरवला जाऊ लागला. नियम असा होता, आणि आजही आहे, की मूळ जागा आणि नवी जागा एकमेकींवर चढत असतील तर हे काम वापरायचे नाही, त्यासाठी दुसरे आहे. फ्लॅशने हा नियम मोडला होता. फळीवरचे डबे एकेक घर डावीकडे सरकवायचे असतील तर डावीकडून सुरुवात केली की निभावते. उजवीकडून सुरुवात केली तर पहिलाच डबा शेजाऱ्यावर आदळतो. इतकी वर्षे क्रम सोयीचा होता म्हणून चूक झाकली गेली होती.

मग दोष कुणाचा? काहींचे म्हणणे, फ्लॅशचाच. नियम लिहिलेला आहे. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स या वादात स्वतः उतरले आणि त्यांनी उलट बाजू घेतली. वापरणाऱ्याला नियमावलीशी देणेघेणे नसते. काल चालत होते, आज तुमच्या बदलामुळे चालत नाही, एवढेच त्याला कळते. व्यवहारात टॉरवाल्ड्स यांचे म्हणणेच जास्त पटते. शेवटी २०११मध्ये आलेल्या जीलिबसी २.१४ने सुवर्णमध्य काढला. जुन्या काळी बांधलेल्या कार्यक्रमांना जुने, निर्धोक वर्तन मिळेल आणि नव्याने बांधलेल्यांना नवे. एकाच लायब्ररीत दोन्ही, वेगवेगळ्या शेपटांनी. अर्थात याचा उलटा त्रासही पुढे कित्येकांनी भोगला. नव्या संगणकावर बांधलेला कार्यक्रम जुन्या सर्व्हरवर नेला की ‘जीलिबसी २.१४ सापडत नाही’ असे म्हणत तो सुरूच होत नाही. पण सुरू न होणे हे मध्येच कोसळण्यापेक्षा केव्हाही बरे.

हीच भूमिका पोस्टफिक्सचे कर्ते वित्से वेनेमा यांची. पोस्टफिक्स १९९८च्या अखेरीस आयबीएमच्या संशोधन विभागातून जगासमोर आला. पत्त्यांच्या याद्या ठेवायला तो दीर्घकाळ बर्कली डीबी ही लायब्ररी वापरत आला. वेनेमा यांनी त्यात एक सोपी तपासणी घातली: मला बांधताना या लायब्ररीची कोणती आवृत्ती होती आणि आत्ता कोणती समोर आली आहे? मुख्य आकडे जुळले नाहीत तर पोस्टफिक्स दोन्ही आकडे लॉगमध्ये लिहितो आणि काम करायला साफ नकार देतो. रक्त चढवण्यापूर्वी पिशवीवरचा गट आणि रुग्णाचा गट ताडून पाहावा, तसेच हे. सोमवारी सकाळी हा नकार पाहणाऱ्याला तो राग आणणारा वाटेल. पण न जुळणाऱ्या लायब्ररीने पत्त्यांची यादीच बिघडवली असती, तर नंतर बॅकअप शोधत बसावे लागले असते.

पोस्टफिक्सची रचनाही अशा प्रसंगी उपयोगी पडते. तो एकच अवाढव्य कार्यक्रम नाही. मेल घेणारा वेगळा, रांग सांभाळणारा वेगळा, पोहोचवणारा वेगळा आणि सगळ्यांवर देखरेख करणारा मुकादम वेगळा. मेल घेणारा कामगार पुन्हा पुन्हा कोसळू लागला की मुकादम त्याला लगेच परत उभे न करता मध्ये थोडा दम घेतो आणि तसे लॉगमध्ये लिहितो. रांगेत आधीच घेतलेले मेल सुरक्षित राहतात.

लॉगमधल्या त्या ओळीने कोण कोसळले ते कळते, कशामुळे ते नाही. त्यासाठी डॉक्टरांचाच पहिला प्रश्न विचारावा लागतो: त्रास सुरू होण्यापूर्वी काय बदलले? लिनक्समध्ये कोणते पॅकेज कोणत्या मिनिटाला बदलले याची नोंद आपोआप राहते. ती नोंद आणि पहिल्या कोसळण्याची वेळ शेजारी शेजारी ठेवली की अर्धा तपास संपतो. पुढचा टप्पा शवविच्छेदनाचा. कोसळताना कार्यक्रमाच्या स्मृतीची जी प्रत डिस्कवर ठेवता येते, तिला ‘कोअर डंप’ म्हणतात. संगणकाची स्मृती चुंबकी कड्यांची असे, त्या काळातले हे नाव. कडी गेली, नाव राहिले. ही प्रत उघडली की मरताना कार्यक्रम कोणत्या लायब्ररीतल्या कोणत्या कामात होता हे दिसते. आणि त्यासोबत स्मृतीत कोणकोणत्या लायब्ररी होत्या, त्यांची यादीही. त्या यादीत एकच नाव दोन आवृत्त्यांसह दिसले, तर दोन पाटील सापडले.

रुग्णालयाच्या उदाहरणात जुना पाटील कुठून आला असेल? बहुधा दोन वर्षांपूर्वी एखादे सॉफ्टवेअर बसवताना पुरवठादाराने स्वतःच्या सोयीसाठी ओपनएसएसएलची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये टाकली आणि प्रणालीच्या शोधयादीत ते फोल्डर वर नेऊन ठेवले. तेव्हा दोन्ही प्रती एकाच वयाच्या होत्या, म्हणून भांडण झाले नाही. शनिवारी एक पुढे गेली, दुसरी मागे राहिली. अपडेट रद्द करून सेवा लगेच उभी करता येते आणि रुग्ण खोळंबलेले असताना तसे करणे योग्यही आहे. पण आजार शनिवारचा नाही. पुरवठादाराची प्रत शोधयादीतून काढेपर्यंत पुढचे प्रत्येक अपडेट हाच प्रसंग आणणार आणि ‘अपडेट नकोच’ म्हणून थांबले तर पुढच्या हार्टब्लीडला दार उघडे राहणार.

अशा वेळी दोन जुगाड हमखास सुचवले जातात. पहिला म्हणजे हवी असलेली लायब्ररी सापडत नाही ना, मग असलेल्या लायब्ररीलाच त्या नावाची पाटी लावा. कार्यक्रम फसतो आणि सुरू होतो, पण रकाने वेगळेच असतात. जी तक्रार सुरुवातीलाच स्पष्ट शब्दांत मिळाली असती, ती मग अवेळी सिग्नल ११ होऊन मिळते. दुसरा जुगाड जीलिबसीच हाताने बदलण्याचा. तो फसला तर फाइलींची यादी दाखवणारा, फाइल हलवणारा असे साधे कार्यक्रमही चालेनासे होतात, कारण तेही त्याच पायावर उभे असतात. चूक मागे घ्यायलाही हत्यार उरत नाही.

अलीकडे प्रत्येक सेवेला तिची भांडी तिच्याच पेटीत द्यायची पद्धत रूढ होते आहे. या पेट्यांना कंटेनर म्हणतात. दोन पाटील दोन वेगळ्या गावांत गेले की भांडण मिटते. मात्र लायब्ररीत चूक सापडली की प्रत्येक पेटी उघडून ती बदलावी लागते आणि कोणत्या पेटीत काय आहे याची यादी ठेवणारा माणूस तेवढ्यात नोकरी सोडून गेलेला असतो.

आणि कधीकधी लायब्ररींचे भांडणही नसते, सोबतचा घटक एकटाच सगळा मेल अडवतो. १ जानेवारी २०२२ रोजी, नवे वर्ष लागताच, जगभरातल्या मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ सर्व्हरांवर मेल रांगेत अडकले. मेल तपासणाऱ्या विषाणूरोधक घटकाच्या अपडेटला तारखेवरून क्रमांक दिला जाई: वर्ष, महिना, दिवस आणि पुढे चार अंक. १ जानेवारीला तो २२०१०१०००१ झाला. हा आकडा ज्या खणात ठेवला जायचा, त्यात २१४७४८३६४७पेक्षा मोठी संख्या मावत नव्हती. घटक कोसळला, तपासणी थांबली, तपासणीविना मेल पुढे जाईना. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती पाठवली तेव्हा तिचा क्रमांक होता २११२३३०००१. तारीख म्हणून वाचला तर ३३ डिसेंबर २०२१. तो क्रमांक बसवल्यावर रांगा हलू लागल्या.